नारळाएवढी फट

दिगू, काल यांनी सुतार आणला होता. मागच्या दारातल्या माचाचा राहिलेला कठडा पुरा करून घेऊ, पोरांना किती दिवस घरात कोंडून ठेवणार, असं म्हणाले. सुतार म्हातारा होता, पान खाणारा. त्याने तू ठोकलेल्या लाकडी गजांवरून हात फिरवला, दोन-चार गज हलवून पाहिले आणि म्हणाला, "काम बरं आहे हो, पण एवढे जवळजवळ कशाला ठोकलेत? एकाआड एक काढतो. त्याच लाकडात उरलेली बाजू होऊन जाईल, नवीन आणायला नको." हे माझ्याकडे बघायला लागले. मी त्या म्हाताऱ्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. तू असतास तर "आक्का, तोंड आवर" म्हणाला असतास. त्याने करवत पिशवीत घातली आणि केलेला चहाही न पिता निघून गेला. बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

तोंड मला आवरत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक होतं. पण एकदा ठरवलं की ते मिटून ठेवता येतं, हेही तूच सर्वांत जास्त पाहिलं आहेस. दहा दिवस मी तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही. अकराव्या दिवशी तुझा जबडा मिटला तो मिटलाच, आणि चौदाव्या दिवशी तू गेलास. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले, भांडीकुंडी परत केली. आता दुपारी घरात मोठं माणूस कोणी नसतं. मंगलच्या शाळेच्या जुन्या वहीत मागे काही कोरी पानं आहेत, ती घेऊन बसले आहे. माझं तुझ्याशी बोलणं राहिलं आहे, ते कुठे तरी बोलायला हवं.

चार वर्षांपूर्वी तुझी कुसुम आणि तुमचं बाळ दोघंही एकाच दिवशी गेली, आणि महिन्याभराने तू हत्यारांची पेटी आणि एक वळकटी घेऊन इथे मुलुंडला आमच्या दारात आलास. संध्याकाळची वेळ होती. मी चुलीशी होते. "आक्का, काही दिवस राहू?" असं विचारलंस. मी म्हटलं, आधी पाय धू. त्यापुढे आपण त्या विषयावर कधी बोललो नाही. तू कुसुमचं नाव घेत नव्हतास, म्हणून मीही घेत नव्हते. अरू तेव्हा व्हायचा होता. तो झाला तेव्हा तू त्याला आठ दिवस हात लावला नाहीस. मग एकदा मी आंघोळीला गेले आणि तो रडायला लागला. बाहेर येऊन बघते तर तू त्याला मांडीवर घेऊन बसलेला, आणि दोघंही गप्प. त्या दिवसापासून तो पोरगा तुझाच झाला. माझ्याकडे फक्त भूक लागली की यायचा.

माच घालायची कल्पना तुझीच. मागच्या दाराबाहेर जमीन एकदम खाली उतरते. चार अरुंद पायऱ्या, खाली धुण्याचा दगड, पुढे गवत आणि मग नाला. डोंगर जवळ, त्यामुळे गवतात काय निघेल याचा नेम नाही. अरू रांगायला लागल्यापासून मी ते दार कायम कडी घालून ठेवलं होतं. मागच्या दिवाळीनंतर एका रविवारी तू त्या दारात उभा राहून विडी ओढत बराच वेळ खाली बघत होतास. म्हणालास, "दाराच्या पातळीत फळ्यांचा माच घालू. पोरं उघड्यावर खेळतील, तुझं वाळवणही होईल." मी म्हटलं, फळ्या कोण देणार, तुझा बाप? तू हसलास. आपला बाप जन्मभर परळला गिरणीत माग चालवत होता, फळी सोडाच, खोलीत खुंटीसुद्धा त्याने कधी ठोकली नाही.

फळ्या तू कारखान्यातून आणल्यास. विक्रोळीला तुमच्याकडे परदेशातून यंत्रं यायची ती देवदाराच्या मोठमोठ्या खोक्यांतून. खोकी फोडली की लाकूड कामगारांना स्वस्तात द्यायचे. एका बैलगाडीवाल्याला पटवून तू सगळा ढीग मुलुंडला आणलास आणि अंगणात रचलास. मी कपाळाला हात लावला. फळ्या कसल्या त्या, नुसते खिळे. प्रत्येक फळीत वीस-पंचवीस, काही आतच मोडलेले, गंजलेले. तू ओतकामासाठी लाकडी साचे करणारा माणूस, एक सूत इकडचं तिकडे झालं तर तुझं जेवणावरचं मन उडायचं. तू रोज कामावरून आलास की पक्कड घेऊन बसायचास. एकेक खिळा उपटायचास, धुण्याच्या दगडावर ठोकून सरळ करायचास आणि तेलाच्या डब्यात टाकायचास. चांगला खिळा फेकून देणं तुला पाप वाटायचं. आणि मंगलच्या हातात तू लोहचुंबक दिला होतास, दोरीला बांधलेला. तुझं काम आटोपलं की ती अंगणभर तो फिरवायची. "एक खिळा सापडला तर एक लिमलेटची गोळी," असं तू सांगितलं होतंस. शेवटी शेवटी तिला गोळ्या मिळेनात इतकं अंगण साफ झालं. तेव्हा तूच मुद्दाम एखादा खिळा टाकायचास, हे मी पाहिलं होतं.

मला तुझी ती सगळी कामाची पद्धत आठवते आहे. फळ्या रंध्याने तासून झाल्यावर तू माझं जुनं लुगडं मागितलंस. मला वाटलं पुसायला. तू ते फळ्यांवरून हळूहळू ओढत नेलंस. जिथे सूत अडकलं तिथे पेन्सिलीची खूण केलीस आणि तेवढीच जागा पॉलिशपेपरने घासलीस. मग पुन्हा लुगडं. असं चार रविवार चाललं. "पोरं काय गुडघ्याने सरकतात, बसतात, लोळतात. एक कुसळ गेलं तर रात्रभर रडतील, मग झोपायचं कोणी?" खिळ्यांची डोकी आत दाबून वर लांबीचा लगदा भरलास. कोपरे कानशीने गोल केलेस. दोन फळ्यांत विडीएवढी फट ठेवलीस, पाणी जाईल पण अरूचं बोट अडकणार नाही एवढी. विडी घालून प्रत्येक फट तपासलीस आणि शेवटी तीच विडी ओढलीस.

कठड्यावरून आपलं भांडण झालं ते आठवतं ना. मला आडवे गज हवे होते, धुणी टाकायला. तू म्हणालास, आडवे लावले की शिडी झाली, अरू दोन दिवसांत वर चढेल आणि तिसऱ्या दिवशी पलीकडे. मी म्हटलं, माझ्या साड्या काय तुझ्या डोक्यावर वाळवू? आठवडाभर मी तुझ्या ताटात आमटी जरा पातळच वाढली. तू उभेच गज लावलेस आणि माझ्यासाठी वर दोरी बांधून दिलीस. तेव्हा मी मान्य केलं नाही. आता करते. तुझं बरोबर होतं.

पण माझाही एक हट्ट तू ऐकलास, आणि तो मी आता विसरू शकत नाही. माच झाला त्या दिवशी मी सांगितलं, यावर चपला-बूट चालायचे नाहीत. इथे माझे पापड वाळणार, सांडगे वाळणार, मिरच्या वाळणार, बाहेरची घाण इथे यायची नाही. यांना सांगितलं, मंगलला सांगितलं आणि तुलाही सांगितलं. तू दुसऱ्याच दिवशी दाराच्या आत एक फळी ठोकलीस, पायातलं काढून ठेवायला. कारखान्यात तू दिवसभर जाड बूट घालून वावरायचास. घरी आलास की ते त्या फळीवर काढायचास आणि मग हातात हातोडी घेऊन अनवाणी माचावर जायचास.

आता नारळाचं.

गजांमधलं अंतर किती ठेवायचं यावर तू दोन दिवस विचार करत होतास. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आलास आणि विचारलंस, "आक्का, नारळ खंय आसा?" लाडात किंवा रागात आलास की तू मालवणीवर जायचास, त्या दिवशी लाडात होतास. टोपलीतले सगळे नारळ काढलेस आणि एकेक अरूच्या डोक्याशी लावून बघितलास. अरूला वाटलं काही तरी खेळ आहे, तो खिदळत होता. त्याच्या डोक्यापेक्षा जरासा लहान असा एक नारळ तू निवडलास. "ह्यो बघ. ह्यो जिथून जाणार नाय, थंयसून अरूचा डोक्यां जाणार नाय. आणि डोक्यां नाय गेला तर पोर नाय गेला." मला ते पटलं. मी तर शेजारच्या बाईंना कौतुकाने सांगितलं, माझा भाऊ नारळाने माप काढतो. तू तो नारळ प्रत्येक फटीला लावून गज ठोकलेस आणि शेवटी मी त्याच नारळाची सोलकढी केली.

पोर डोक्याने शिरत नाही, पायाने शिरतं, हे तुला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. दोन पोरांची आई मी, आणि मला सुचलं नाही. पण दोष मात्र मी एकट्या तुला दिला.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाली होती. मी पापडाचं पीठ कुटत होते. मंगल माचावर भातुकली मांडून बसली होती, अरू कडेला पाय सोडून. पाय गजांमधून बाहेर, मग गुडघे, मग कंबर. त्याला मजा वाटली असेल, तो सरकत गेला. मंगल किंचाळली तेव्हा मी धावले. त्याचं सगळं अंग बाहेर लोंबत होतं आणि हनुवटी आतल्या फळीवर अडकली होती. ओरडत नव्हता. ओरडायला हवाच मिळत नव्हती. मी पायऱ्या उतरून खाली गेले, त्याचे पाय धरून वर उचलून धरले. तू आतून आलास आणि एका घावात गज मोडलास. तो तुझ्या हातात पडला, मग रडला. तो रडला ते ऐकून मी तिथेच धुण्याच्या दगडावर बसले.

गळ्याला काळानिळा वण उठला होता, बाकी काही नाही. तासाभरात तो गूळ मागायला लागला. पण माझ्या मनातली भीती जात नव्हती आणि ती कोणावर तरी काढायची होती. तू अरूला खांद्यावर घेऊन उभा होतास. तुझा चेहरा पांढरा पडला होता. "आक्का, माझ्या लक्षात नाय इला गो," एवढंच म्हणत होतास. आणि मी म्हटलं, "तुझं स्वतःचं पोर असतं तर लक्षात आलं असतं. नारळ घेऊन मापं काढतोस."

हे होते, कुंपणाशी शेजारच्या बाई होत्या, मंगल होती. तू अरूला यांच्या हातात दिलंस, पडलेली हातोडी उचलून पेटीत ठेवलीस आणि बाहेर निघून गेलास. हे म्हणाले, "अगं, काय बोललीस तू हे?" मला कळलं होतं काय बोलले ते. तोंडातून निघालं त्याच क्षणी कळलं होतं. त्याच पावली तुझ्या मागे आले असते तर प्रश्न मिटला असता. पण मग वाटलं, चूक तर त्याची आहे, माझा पोरगा मरता मरता वाचला, मी का जाऊ? त्याने आधी बोलावं.

आपल्या घरात अबोला धरायची रीत तुला सांगायला नको. बाबा आणि काका एका चाळीत, समोरासमोरच्या खोल्यांत, सहा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. निरोप आपण पोरं पोहोचवायचो. तू तर त्यात तरबेज होतास, दोन्हीकडून चणे मिळवायचास. तसंच इथे सुरू झालं. "मंगल, मामाला सांग, पान वाढलंय." "मंगल, आईला सांग, मला उद्या डबा नको." तू माझ्यासमोर दोन हातांवर बसलेला असायचास आणि ती सहा वर्षांची पोर इकडून तिकडे निरोप फिरवायची. पोरांनी माचावर जायचं नाही, असं मी बजावलं होतं. मंगलचा लोहचुंबक खुंटीला लटकत राहिला.

तू मात्र सोमवारपासून कामावरून आलास की माचावर जायचास. सगळे गज काढायचे आणि निम्म्या अंतरावर पुन्हा ठोकायचे, असं तू ठरवलं होतंस. कोणाला काही सांगितलं नाहीस. मला आतून ठोकण्याचा आवाज यायचा. चांगले पक्के बसवलेले गज, त्यांचे खिळे उपटताना लाकूड करकरायचं. ते ऐकून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. वाटायचं, होऊ दे शिक्षा.

खिळा तुझ्या पायात मंगळवारी गेला. हे मला नंतर कळलं. बुधवारी तू लंगडत होतास, ते मात्र मी पाहिलं होतं. दिगू, मी पाहिलं होतं. तू डावी टाच टेकवत नव्हतास. माझ्या मनात आलं, मला दाखवायला करतोय, म्हणजे मी विचारावं. मी भाकरी उलटली आणि तिकडे पाठ केली. विचारलं असतं तर तू "काय नाय गो, जरासा लागला" म्हणाला असतास. मी आरडाओरडा करून तुला डॉक्टरकडे पाठवलं असतं, माझ्या आरड्याओरड्यापुढे तुझं कधी चाललं आहे? तिथे एक सुई टोचली असती. एवढंच व्हायला हवं होतं. आठ दिवस वेळ होता.

पुढच्या बुधवारी तू जेवायला बसलास आणि मंगलला म्हणालास, "आईला सांग, भात जरा मऊ कर, मामाचा दात दुखतोय." तिने सांगितलं. मी पेज केली. जिरं घालून, तुला आवडते तशी. आणि मंगलच्या हाती दोन लवंगा पाठवल्या. ही माझ्याकडून तडजोडीची पहिली पायरी होती. तू त्या घेतल्यास आणि माझ्याकडे बघून थोडा हसलास. मला वाटलं, आता उद्या बोलायचं. उद्या सकाळी चहा देताना मीच म्हणणार होते, "पुरे झालं आता, दात दाखवून ये." मनात वाक्य तयार होतं.

सकाळी तुझं तोंड उघडेना. मान ताठ झाली होती. चेहऱ्यावर ते कालचंच हसू होतं, आणि ते जात नव्हतं. यांनी स्टेशनजवळच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी तुझ्याकडे नुसतं पाहिलं आणि आम्हाला विचारलं, "यांना कुठे काही लागलं होतं? खिळा, पत्रा?" मी म्हटलं, "नाही." ठामपणे म्हटलं. तेव्हा दाराआडून मंगल म्हणाली, "लागलं होतं. मामाच्या पायात खिळा गेला होता. मी खिडकीतून बघितलं. मामा म्हणाला, आईला सांगू नको, ती आधीच रागावली आहे." डॉक्टरांनी तुझी टाच वर केली. हळद भरून तू वर चिंधी बांधली होतीस. जखम तर मिटल्यासारखी दिसत होती, मसुराच्या दाण्याएवढी खूण.

इस्पितळात तुला वेगळ्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळे पडदे होते. तिथले डॉक्टर भले माणूस होते, त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. "बाई, उजेड नको, हात लावायचा नाही आणि आवाज अजिबात नको. दार वाजलं तरी यांना झटका येईल. भेटायला आत जा, पण बोलू नका." मी मान हलवली. दहा दिवस तेच तर केलं होतं.

तुला सगळं कळत होतं, असं ते म्हणाले. धनुर्वातात म्हणे माणसाची शुद्ध जात नाही. ते त्यांनी का सांगितलं कोणास ठाऊक. मी तुझ्याजवळ स्टुलावर बसायचे, हात मांडीत घट्ट धरून. तुझे डोळे तेवढे हलायचे. ते माझ्याकडे यायचे आणि थांबायचे. तुला काही विचारायचं होतं का? काही सांगायचं होतं? अरू कसा आहे, असं असेल. कठड्याची नाल्याकडची बाजू राहिली आहे, तिथे आधी काही तरी बांध, असं असेल. का तू त्या वाक्याबद्दल बघत होतास? मला त्या डोळ्यांत राग दिसला नाही. दिसला असता तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी दुपारी तू गेलास. यांनी सगळं केलं. माझ्या अंगात काही उरलंच नव्हतं.

आता हे म्हणतात, "तुझा काय दोष? खिळा तू टाकला होतास का?" शेजारच्या बाई म्हणतात, त्याची वेळ भरली होती. मी ऐकून घेते. माझ्या चपलांच्या नियमामुळे तू अनवाणी होतास, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मी तुला लंगडताना पाहिलं होतं, ते तर त्यांना माहीतच नाही. मंगल जेवत नाही नीट. परवा तिने मला विचारलं, "मी आधी सांगितलं असतं तर तू मला मारलं असतंस का?" मी तिला जवळ घेतलं, तुझी काही चूक नाही म्हणून दहा वेळा सांगितलं, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला माझ्या बोलण्याचा भरवसा वाटत नाही, आणि का वाटावा? घरात कोणी काय बोलायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, हेच ती माझ्याकडून शिकली. अरू मागच्या दाराशी जाऊन कडीकडे बोट दाखवतो. तुझ्या नव्या गजांमधून मी माझी मूठ घालून पाहिली. जात नाही. दोन बाजू तू तशा पुऱ्या केल्यास. त्या बाजूंनी आता मांजराचं पिल्लूसुद्धा पडायचं नाही. माझ्या पोरांसाठी तू एवढं करून गेलास. आणि हे सगळं घ्यायला तुझं स्वतःचं पोर नव्हतं, तर मी तुला तेच ऐकवलं.

एक गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. यांनाही नाही.

शनिवारी दुपारी मी तुझ्याजवळ एकटी होते. नर्स औषध आणायला गेली होती. तू तासभर शांत पडून होतास, डोळे मिटलेले, श्वास सरळ चाललेला. मला वाटलं, तुला उतार पडतोय. आणि मला राहवलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं डोक्यात होतं, तरी राहवलं नाही. मी वाकून तुझ्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "दिगू, चुकलं रे माझं." इतक्या हळू म्हटलं की मला स्वतःला धड ऐकू आलं नाही. आणि तुझं सगळं अंग धनुष्यासारखं वाकलं. डोकं आणि टाचा तेवढ्या गादीला टेकल्या होत्या. दात करकरले. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून भिंतीला चिकटून उभी राहिले. नर्स धावत आली, तिने विचारलं, "कोण बोललं इथे?" मी मान हलवली, कोणी नाही. त्यानंतर तुला झटके येतच राहिले. आणखी एक दिवस तू काढलास, पण डोळे पुन्हा माझ्यावर थांबले नाहीत.

त्या झटक्याने तू गेलास असं नाही, हे मला डोक्याने कळतं. रोग पुढे गेला होता. पण माझे ते शब्द तुला शब्द म्हणून पोहोचले, की नुसता आवाज म्हणून तुझ्या अंगाला लागले? हे मला कोण सांगणार? डॉक्टरांना विचारायची हिंमत झाली नाही. देवासमोर बसून विचारलं, तिथेही काही ऐकू आलं नाही. मी रात्रंदिवस तेवढंच घोकत असते. कळलं असेल तर तू मला माफ केलंस का, हा पुढचा प्रश्न. पण आधी कळलं का?

आज हे कचेरीत आहेत, पोरं शेजारच्या बाईंकडे झोपली आहेत. मी मागच्या दाराची कडी काढली, तुझ्या माचावर येऊन बसले आणि हे सगळं लिहिलं. आता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार आहे, चांगलं खणखणीत आवाजात. शेजारच्यांनी ऐकलं तर ऐकू दे. दिगू, चुकलं रे माझं. आता मी कितीही मोठ्याने बोलले तरी तुला काही होणार नाही.